पांढऱ्या रश्श्यातला काजू: कोल्हापुरातल्या एका मटण खानावळीचं प्रकरण

(प्रकरण खरं आहे. खानावळ, ग्राहक आणि कामगारांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

कोल्हापुरातली ही खानावळ दोन पिढ्यांची. मटण थाळी हाच मुख्य धंदा: तांबडा, पांढरा, सुकं, खर्डा, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात. रविवारी दुपारी बाहेर नंबर लागतात. जोडीला ॲपवरून पार्सल आणि लग्नसराईत केटरिंगच्या ऑर्डरी.

स्वच्छतेच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती. अन्नसुरक्षेचा परवाना भिंतीवर, पाणी तपासणीचा अहवाल फायलीत, फॉस्टॅकचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या योजनेतलं, प्रशिक्षण घेतलेला सुपरवायझर कामावर. कच्चं मटण वेगळ्या फ्रिजमध्ये, कापायचे ठोकळे वेगळे. घटना घडली तेव्हा मालकांचं पहिलं वाक्य होतं, "आमचं किचन तर आरशासारखं आहे ओ, मग झालं कसं?" प्रश्न बरोबर होता. बहुतेक जंतू उकळल्यावर मरतात, शिळं अन्न फेकून देता येतं. काजूतली प्रथिनं मात्र तासभर रटरटलेल्या रश्श्यातही ॲलर्जी उठवण्याइतकी शाबूत राहतात. त्यामुळे स्वच्छ स्वयंपाकघर हे ॲलर्जीवरचं उत्तर नाही. इथे लागते ती माहिती: कशात काय पडलंय, आणि ते ताटापर्यंत नेणाऱ्या पोराला ठाऊक आहे की नाही.

पांढरा रस्सा अळणी पाण्यावर होतो. म्हणजे मीठ-हळद-आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी. त्याला नारळाचं दूध आणि वाटण लागतं. वाटणात घराघरानुसार तीळ, खसखस, काजू कमीजास्त. या खानावळीत वर्षानुवर्षं तीळ आणि खसखस होती. काजू नव्हता.

मग खसखस परवडेनाशी झाली. आपल्याकडे अफूची शेती परवान्यावर चालते, आयातीवरही सरकारी नियंत्रण असतं, त्यामुळे तिचा भाव कधी कुठे जाईल सांगता येत नाही. काजू तुकडा मात्र जिल्ह्यातच, चंदगड-आजऱ्याकडे, प्रक्रिया होऊन निघतो आणि अख्ख्या काजूपेक्षा बराच स्वस्त पडतो. वस्तादांनी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांनी, खसखस कमी केली, काजू तुकडा वाढवला, आणि एके दिवशी खसखस बंदच केली. रस्सा दाट झाला, गिऱ्हाईक खूश झालं. हा बदल वस्ताद आणि लक्ष्मीपुरीतला किराणा व्यापारी या दोघांनाच ठाऊक होता. मालकांना बिलात दिसत होता, पण काजू करीसाठी येत असेल असा त्यांचा समज.

त्या दुपारी काय झालं

रविवार, दीडचा सुमार. पाच जणांचं कुटुंब टेबलावर बसलं. त्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला लहानपणापासून काजू चालत नव्हता. काजूकतली खाल्ल्यावर ओठ सुजायचे, अंगावर पित्त उठायचं. घरातल्यांना ते माहीत होतं, म्हणून आत्यांनी ऑर्डर देतानाच विचारलं, "यात काजू नाही ना?"

वाढपी नवा होता, कागल तालुक्यातला. त्याच्या डोक्यात काजू म्हणजे काजू करीतला अख्खा काजू. तो हसत म्हणाला, "नाय ओ काकी, थाळीत काजू-बिजू काय नसतंय. बिनघोर खावा."

मुलीने पांढऱ्याच्या दोन वाट्या घेतल्या. दुसरी संपता संपता घशात खवखव सुरू झाली. मग खोकला, तोंड लाल, मान आणि हात खाजायला लागले. इथे एक कोल्हापुरी गोची झाली. आपल्याकडे खानावळीत कुणी खोकलं, डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला, तर सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असतं. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणालेच, "तिखट लागलंय, गूळ द्या." कॅप्टनने, म्हणजे वाढप्यांवरच्या प्रमुखाने, दही आणलं. काकांनी खिशातली ॲलर्जीची गोळी दिली. हे होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली.

मुलीला उलटी झाली, आवाज बसला, आणि ती म्हणाली की श्वास घ्यायला जड जातंय. आता आत्यांना संशय आला. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी ओरडून. वस्ताद हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "पांढऱ्यात आहे की काजू."

गाडी पार्किंगमध्ये लांब होती. मुलीला दोघांनी धरून तिथपर्यंत चालवत नेलं. जवळच्या खासगी दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, दिलं. थोड्या वेळाने श्वास सुधारला. काही जणांना पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी दुसरी येते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. जाताना डॉक्टरांनी पिस्तेही बंद करायला सांगितले, कारण काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुतेकदा दुसराही बाधतो.

इकडे खानावळीत कॅप्टनने घाबरून पांढऱ्या रश्श्याचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं.

मूळ कुठे होतं

मला मालकांनी त्या आठवड्यात सल्ल्यासाठी बोलावलं. पोराला कामावरून काढायचं त्यांचं ठरलं होतं. मी एवढंच म्हटलं की आधी वाटीपासून मागे मागे जाऊ, मग काढायचं ते बघू.

वाटीपासून मागे गेलो की पातेलं, पातेल्यापासून मागे वाटण, वाटणापासून मागे मिक्सर, मिक्सरच्या वरच्या फळीवर डबे. स्टीलचा उभा डबा, झाकणावर स्केचपेनने ठसठशीत लिहिलेलं: खसखस. आत काजू तुकडा, अर्धा डबा भरून. खसखस संपली तेव्हा डबा रिकामा झाला, रिकाम्या डब्यात काजू आला, झाकणावरचं नाव कुणी पुसलं नाही. म्हणजे वाढपी "विचारून येतो" म्हणून आत गेला असता आणि वस्ताद जागेवर नसते, तर हाताखालच्या पोराने तो डबा बघून शपथेवर सांगितलं असतं की काजू नाही.

इतर गोष्टीही सापडल्या. तीळ आणि काजू एकाच मिक्सरच्या भांड्यात वाटले जात, मधे नुसतं पाणी फिरवून. तांबड्याचा आणि पांढऱ्याचा डाव (वाढायची पळी) गर्दीत बदलत असे. खर्ड्यात शेंगदाण्याचं कूट होतं, जे मेन्यूवर कुठेच नव्हतं. सुक्याला लाकडी घाण्याचं शेंगतेल. रिफाइंड तेलातून प्रथिनं बहुतांशी निघून गेलेली असतात, घाण्याच्या तेलात ती राहतात, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला या दोन तेलांत मोठा फरक पडतो. ज्वारीच्या भाकरीची परात आणि चपातीची परात एकच. आमटीतल्या बांधानी हिंगात मैदा. कांदा-लसूण मसाला शहरातल्या एका बचत गटाकडून सुट्टा यायचा, पिशवीवर घटकांची यादी नाही. त्यात तीळ आणि खोबरं होतं हे फोन करून कळलं.

कायद्याकडे बघायचं तर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग व डिस्प्ले नियमावलीत ॲलर्जी उठवणाऱ्या पदार्थांची यादी दिली आहे: ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखी कवचफळं, सोयाबीन, आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. मेन्यूवर माहिती देण्याच्या तरतुदींचा रोख प्रामुख्याने केंद्रीय परवानाधारक किंवा दहा आणि त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांवर आहे. एका शाखेची खानावळ त्यातून सहज निसटते. शिवाय या यादीत तीळ नाही. युरोपीय संघाच्या चौदा पदार्थांच्या यादीत तीळही आहे आणि मोहरीही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ नववा मुख्य ॲलर्जन म्हणून लेबलवर लिहावा लागतो. कोल्हापुरी वाटणात तीळ किती जातो ते बघता, नुसती कायद्याची यादी भिंतीवर चिकटवून आपलं भागत नाही.

कुठले पर्याय समोर होते

मालकांच्या डोक्यात पहिल्या दिवशी चार गोष्टी घोळत होत्या, आणि त्यातल्या तीन मला साफ नापसंत होत्या.

पहिली: पोराला काढा, दवाखान्याचं बिल भरा, विषय संपवा. बिल भरणं योग्यच होतं आणि ते त्यांनी लगेच भरलंही. पण पोराला काढून काय होणार? त्याच्या जागी येणारा दुसराही तेच उत्तर देणार, कारण उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. गिऱ्हाइकाला "माहीत नाही" म्हटलं की कॅप्टन ओरडतो हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला होता.

दुसरी: दारावर पाटी. "ॲलर्जी असल्यास स्वतःच्या जबाबदारीवर जेवावे." त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी सुचवलेली. अशा पाटीने गिऱ्हाईक विचारायचं थांबतं, आणि न विचारणारं गिऱ्हाईक विचारणाऱ्यापेक्षा धोक्याचं. पाटी लावायचीच तर उलटी लावा, म्हटलं: "कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देण्याआधी काउंटरवर सांगा."

तिसरी: काजूच हद्दपार करा. ऐकायला सोपी. पण मग तीळ, शेंगदाणा, गहू, दूध? सगळं काढत गेलं तर खानावळीत मीठ-पाणी उरेल. शिवाय "आमच्याकडे काजू नाहीच" असं एकदा जाहीर केलं की एखाद्या तयार मसाल्यातून तो आत येतो तेव्हा कुणी सावध नसतं.

चौथी गोष्ट मालकीणबाईंनी मांडली. त्या हिशेब बघतात. "नक्की काय कशात घालतोय ते लिहूनच नाही आपल्याकडे. आधी ते लिहूया." वस्तादांना हे पटलं नाही. त्यांचा आक्षेप मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी येतो आणि त्यात तथ्य असतं. वस्तादांची कमाई त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही. कागद झाला की उद्या दुसरा आचारी आणता येतो. हे भय समजून न घेता वही पुढे केली असती, तर त्यांनी अर्धी खोटी यादी सांगितली असती. तोडगा निघाला तो असा: प्रमाण लिहायचं नाही, कृती लिहायची नाही, फक्त घटकांची नावं लिहायची. किती आणि केव्हा हे वस्तादांचंच राहील.

काय केलं

दुपारची पंगत उठल्यावर, चार ते सहाच्या निवांत वेळात, वस्ताद सांगत गेले आणि मालकीणबाई लिहीत गेल्या. आडवे पदार्थ, उभे घटक, असेल तिथे फुली. काजू, शेंगदाणा, तीळ, खसखस, मोहरी, गहू, दूध, अंडी, सोया, मासे-कोळंबी, सुकं खोबरं. तक्ता लॅमिनेट करून काउंटरच्या आत लावला. खाली एक ओळ: घटक बदलला तर त्याच दिवशी इथे बदल, नाहीतर तो पदार्थ थाळीतून बंद.

पांढऱ्या रश्श्याचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. काजू करी मागणारा माणूस काजू मागूनच घेतो. पांढरा रस्सा प्रत्येक थाळीत न मागता जातो, वर वाढपही असते. जो पदार्थ सगळ्यांच्या ताटात पडतो त्यात लपलेला काजू ठेवणं मला अजिबात मंजूर नव्हतं. वस्तादांनी मगजबी (कलिंगड-खरबुजासारख्या फळांच्या सोललेल्या बिया) सुचवली, पण व्यापाऱ्याच्या दुकानात मगज आणि काजू तुकड्याची पोती शेजारी आणि माप एकच. शेवटी जुन्या पद्धतीवर परत आले: तीळ, थोडी खसखस, नारळाचं दूध जास्त. थाळीचा भाव दहा रुपयांनी वाढवला. तीळ राहिलाच, म्हणून तिळाची ॲलर्जी असणाऱ्याला पांढरा, तांबडा दोन्ही नाही, हे तक्त्यावर ठळक आहे.

काजूसाठी लाल झाकणाचा डबा, खालच्या फळीवर, त्याचं मिक्सरचं भांडं वेगळं, त्यालाही लाल टेप. डब्यावरचं नाव आता पुसता येणाऱ्या पेनने नाही तर चिकटपट्टीवर, आणि डबा रिकामा झाला की पट्टी काढूनच धुवायला. धुणं म्हणजे साबण, गरम पाणी आणि घासणी. सॅनिटायझरने हात चोळून शेंगदाण्याची प्रथिनं जात नाहीत, हे पोरांना वेगळं सांगावं लागलं. कोरोनापासून त्यांना बाटली म्हणजे सगळ्यावर उपाय वाटत होती.

वाढप्यांसाठी नियम एकच ठेवला. ॲलर्जीच्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर वाढप्याने द्यायचं नाही. "आहे" चालेल, "नाही" चालणार नाही. त्याने म्हणायचं, "थांबा, काउंटरवरून विचारून सांगतो." मग ऑर्डरच्या चिठ्ठीला लाल चिमटा. काउंटरवर मालकीणबाई किंवा सुपरवायझर तक्ता बघणार, वस्तादांना तोंडी विचारणार, आणि स्वतः टेबलावर जाऊन सांगणार. ते ताट पहिल्यांदा, स्वच्छ डावाने, वेगळं भरायचं आणि एकट्याने न्यायचं. खात्री नसेल तर "हा पदार्थ आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही" असं सरळ म्हणायचं. कोल्हापुरी माणसाला आलेल्या पाहुण्याला जेवायला नाही म्हणणं फार जड जातं. सुपरवायझरने हे वाक्य आधी दोन-तीनदा माझ्यावरच म्हणून बघितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी "…पण बघतो काय तरी" जोडलं. ते शेपूट तोडायलाच सगळ्यात जास्त मेहनत लागली.

तातडीच्या प्रसंगासाठी काउंटरच्या मागे मोठ्या अक्षरांत कागद लावला. ॲलर्जीवाल्या माणसाला खाल्ल्यावर खाज, सूज, उलटी, आवाज बसणं, धाप किंवा चक्कर आली तर तिखट समजायचं नाही. 108 ला फोन. माणसाला आडवं करायचं, पाय वर. धाप असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही, कारण रक्तदाब एकदम पडू शकतो. जवळ ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे का ते विचारायचं. गोळीने खाज कमी होते, घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब सावरत नाही, म्हणून गोळी देऊन वाट बघायची नाही. आणि उरलेलं अन्न फेकायचं नाही: झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये.

पोराला काढलं नाही. लाल चिमट्याची चिठ्ठी आता बहुतेक तोच हाताळतो.

निकाल

काही महिन्यांनी मी परत गेलो. पांढरा पातळ झाला अशी जुन्या गिऱ्हाइकांची कुरकुर सुरुवातीला झाली, नंतर थांबली. लाल चिमटे मालकीणबाईंच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले. लोकांना ॲलर्जी आधीही होती, ते न विचारता जपून खात होते, किंवा येतच नव्हते. शेंगदाणा न चालणारं एक कुटुंब आता नेहमीचं झालं आहे. त्यांच्या ताटात खर्डा आणि सुकं नसतं, आणि ते का नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे.

आषाढ अमावास्येला, गटारीच्या गर्दीत, व्यवस्था जवळजवळ मोडली. लाल टेपचं भांडं धुवायला गेलेलं असताना काजूचं वाटण साध्या भांड्यात झालं. सुपरवायझरने तक्त्याऐवजी वस्तादांना तोंडी विचारलं म्हणून ते कळलं, आणि त्या दिवशी चिमट्याच्या दोन टेबलांना रस्सा दिला नाही. त्यानंतर लाल टेपची दोन भांडी झाली.

पार्सलचं कोडं अर्धवटच सुटलं आहे. ॲपवर गिऱ्हाईक "काजू नको" असं सूचनेच्या रकान्यात लिहितं, पण छापील चिठ्ठीवर ती ओळ बारीक अक्षरात येते आणि समोरासमोर विचारायला कुणी नसतं. आता सूचना असलेली प्रत्येक चिठ्ठी काउंटरवर थांबते आणि गिऱ्हाइकाला फोन जातो. फोन उचलला नाही तर ऑर्डर रद्द. ॲपवरचं रेटिंग त्याने थोडं घसरलं. मालकांनी ते सोसायचं ठरवलं.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते निर्णायक क्षण टेबलावरचा नव्हता, खसखशीचा होता. भाव वाढला म्हणून घटक बदलणं हा धंद्यातला रोजचा निर्णय आहे, आणि म्हणूनच तो कुणाला निर्णय वाटत नाही. खरेदीच्या वहीत काजू तुकड्याचा आकडा वाढत होता आणि काजू करीचा खप वाढत नव्हता. ही विसंगती मालकीणबाईंना नंतर एका बैठकीत सापडली. महिन्याला एकदा खरेदी आणि मेन्यू शेजारी ठेवून बघितले असते तर आधीच सापडली असती. आता त्या तसं बघतात.

कॅप्टनने पातेलं ओतलं त्यामागे वाईट हेतू नव्हता, पण त्यामुळे रश्श्यात नक्की काय होतं हे तपासायची वाट बंद झाली. वस्ताद प्रामाणिक निघाले म्हणून कारण कळलं. त्यांनी हात वर केले असते, तर दवाखाना, कुटुंब आणि खानावळ तिघंही अंदाज करत बसले असते, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार गेली असती तर खानावळीकडे स्वतःच्या बाजूने दाखवायलाही काही नसतं.

कुटुंबाला दोष देणं मला पटत नाही. त्यांनी विचारलं होतं. तरी ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी "काजू नाही ना?" ऐवजी "हिला काजूची ॲलर्जी आहे, वाटणात वाटलेलाही चालत नाही, दवाखान्यात न्यावं लागतं" असं म्हणावं. पहिल्या प्रश्नात आवडनिवड वाटते, आणि त्याला हवं ते उत्तर मिळतं. शिवाय आजवर नुसते ओठ सुजले म्हणजे पुढच्या वेळीही तेवढंच होईल असं नसतं. या मुलीच्या नातेवाइकांनी त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा ॲलर्जीतज्ज्ञ गाठला.

केटरिंगचा प्रश्न आम्ही सोडवलेला नाही. कार्यालयातलं स्वयंपाकघर भाड्याचं, भांडी मंडपवाल्याची, वाढायला त्या दिवसापुरती आलेली पोरं, आणि पंगतीत काय पडतंय यावर कुणाचाच ताबा नाही. तिथे लाल चिमटा चालत नाही. सध्या मालक यजमानांना आधीच सांगतात की पंगतीतल्या कुठल्याही पदार्थाची हमी आम्ही देत नाही. कुणाला ॲलर्जी असेल तर नाव कळवा, त्यांचा डबा खानावळीतून बंद करून, नाव लिहून वेगळा येईल. मागच्या लग्नसराईत असे मोजकेच डबे गेले. त्यातला एक नवरदेवाचा होता, आणि तो पंगतीत पाटावर बसून डब्यातून जेवला म्हणून मुलाकडच्या मंडळींत थोडी कुजबुज झाली.